शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीचं कोडं

३ जानेवारी २००३ ला ‘तुझे मेरी कसम’ नावाचा हिंदी चित्रपट आला. नायक-नायिका दोघंही पहिल्यांदाच पडद्यावर येत होते. नायक आपला लातूरचा, बाभळगावच्या देशमुखांचा रितेश. वडील विलासराव त्या दिवशी राज्याचे मुख्यमंत्री होते. पुढच्या पंधरवड्यातच ते पायउतार झाले. नायिका जेनेलिया डिसोझा. गोष्ट एवढीशी. ऋषी आणि अंजू लहानपणापासूनचे शेजारी, जिवाभावाचे दोस्त. आपलं हिच्यावर प्रेम आहे हे आधी त्याला कळतं, तिला कळायला फार उशीर होतो आणि तोवर तिचं लग्न दुसरीकडे ठरत आलेलं असतं.

पुढं काय होतं, हे सांगायची गरज आहे का? तिकीट काढतानाच ते प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी ही गोष्ट किती फिरली ते बघा. १९९९ मध्ये ती मल्याळममध्ये ‘निरम’ या नावानं आली. २००० मध्ये तेलुगूत ‘नुव्वे कावाली’, २००१ मध्ये तमिळमध्ये, २००२ मध्ये कन्नडमध्ये ‘निनगागी’ आणि २००३ मध्ये हिंदीत. दरसाल एक भाषा. तेलुगू आणि हिंदी, दोन्हींचे दिग्दर्शक के. विजय भास्कर आणि दोन्हींमागे हैदराबादचे रामोजी राव. केरळातली गोष्ट हैदराबादेत शिजली आणि तिला नायक मिळाला तो लातूरचा. एकेकाळी आपला मराठवाडा ज्या शहराकडे राजधानी म्हणून बघायचा, तिथूनच लातूरच्या पोराची पहिली फिल्म यावी, हाही एक योगायोग. २०२४ मध्ये ती पुन्हा थिएटरात लागली, तेव्हाही लोक गेले. शेवट ठाऊक असलेली गोष्ट, पंचवीस वर्षं, पाच भाषा.

माझ्यासारख्या परीक्षकाची पंचाईत इथेच होते. मराठवाड्यात सिनेमा-नाटकावर लिहिणाऱ्यांची आवड सहसा जड अंगाची. रझाकारांचे दिवस, दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप, गावकुसाबाहेरचं जगणं, हे आमचे विषय. जे पाहून आतडं पिळवटत नाही ते आम्ही कलेत धरत नाही. अशा माणसापुढे कॉलेजातली हसरी प्रेमकथा आली की ‘करमणूक ठीक’ असा शेरा मारून तो हात झटकतो. मीही तेच करणार होतो. पण मग शेवट ठाऊक असताना मी खुर्चीच्या कडेला का सरकलो होतो? ऋषी बोलेल, आत्ता बोलेल, असं मनात का म्हणत होतो? हा प्रश्न काही केल्या सुटेना.

उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ते नांदेडच्या परंपरेतच होतं.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर शिकवायचे, पुढे तिथेच प्राचार्य झाले. जन्म १९३२ चा, मृत्यू १९८२ चा. पन्नाशीही पुरती गाठली नाही. ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलेलं त्यांचं दीर्घ पत्र पुष्कळांनी वाचलेलं असतं. मनुस्मृती, राज्यघटना, हैदराबादचा मुक्तिसंग्राम, कादंबरी, संगीत, काहीच या माणसाला परकं नव्हतं. आणि या सगळ्याबरोबर त्यांनी भरताच्या नाट्यशास्त्राचा आणि रससिद्धांताचा कसून अभ्यास केला. दोन हजार वर्षांच्या आसपासचा तो संस्कृत ग्रंथ नांदेडच्या चहाच्या टेबलावर चर्चेला यावा, हे त्या पिढीचं भाग्य. आपण त्याच वाटेनं थोडं पुढं जाऊ.

भरत मूळ रस चारच मानतो: शृंगार, रौद्र, वीर आणि बीभत्स. उरलेले चार यांच्यातून निघतात. रौद्रातून करुण, वीरातून अद्भुत, बीभत्सातून भयानक. आणि शृंगारातून? हास्य. प्रेमकथा आणि विनोदी कथा यांची मोट हॉलिवूडनं बांधली असं आपण समजतो. भरताच्या लेखी हास्य हे शृंगाराचंच अपत्य. नातं कसं, तेही तो सांगतो. शृंगाराची नक्कल केली की हास्य होतं. म्हणजे माणूस प्रेमात पडला की तो शृंगार; तोच माणूस प्रेमवीरासारखा वागायला गेला आणि ते त्याला साधलं नाही की हास्य. आरशासमोर दहादा घोकलेलं वाक्य ती समोर आल्यावर घशातच अडकतं आणि तोंडातून निघतं ते, “नोट्स देतेस का?” यात भावना शंभर नंबरी खरी आणि तिचा आव पार फसलेला. दोन्ही एकाच माणसात, एकाच क्षणी. रोमँटिक कॉमेडी या एवढ्याशा फटीवर उभी असते. भावनाही खोटी निघाली तर उरतो नुसता फार्स, आणि आव मुळीच फसला नाही तर उरतं नुसतं प्रेमगीत.

हसण्याचेही भरतानं सहा प्रकार मांडून ठेवलेत. स्मितात गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. हसितात दात जरासे दिसतात, डोळे उमलतात. विहसितात आवाज येतो, पण गोड. उपहसितात नाकपुड्या फुगतात, मान-खांदे आकसतात. अपहसितात अवेळी हसू फुटतं, डोळ्यांत पाणी येतं. अतिहसितात माणूस बरगड्या धरून बसतो. पुढच्या खेपेला थिएटरात मागच्या रांगेत बसा आणि पडद्याऐवजी पाच मिनिटं प्रेक्षकांचे खांदे बघा. चांगली रोमँटिक कॉमेडी खालच्या तीन पायऱ्यांवरच जास्त काळ फिरते. अंधारात खांदे हलत नाहीत, माना तेवढ्या किंचित तिरप्या होतात. खांदे गदगदा हलायला लागले की समजावं, कुणीतरी घसरून पडलंय आणि प्रेमकथा थोडा वेळ बाजूला ठेवलीय. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी रोजच्या जगण्यातलं हसणं टिपून ठेवलं होतं. त्यांना आढळलं, की एकटं असताना माणूस जितका हसतो त्याच्या सुमारे ३० पट तो चारचौघांत हसतो. मोबाइलवर एकट्यानं पाहून एखाद्या विनोदी चित्रपटाला फिका ठरवणाऱ्या परीक्षकानं हा आकडा खिशात ठेवलेला बरा.

हे झालं हसण्याचं. शेवट ठाऊक असण्याचं कोडं मात्र अजून तसंच आहे, आणि त्याची किल्ली भरताच्या आणखी एका बारीक भेदात आहे.

शृंगाराच्या दोन अवस्था: मीलनाची ती संभोग, विरहाची ती विप्रलंभ. विप्रलंभात रडणं आहे, झोप उडणं आहे, खाण्यावरची वासना जाणं आहे. शंका अशी येते, की हे सगळं करुणातही असतं; मग दोहोंत फरक काय? भरताचं उत्तर दोन शब्दांचं आहे. करुण निरपेक्ष, विप्रलंभ सापेक्ष. करुणात आशा संपलेली असते, विप्रलंभात ती शिल्लक असते. बास. अश्रू तेच, उसासे तेच, हुंदका तोच. भेद फक्त आशेचा.

आता हा भेद आपल्या चित्रपटाला लावून बघा. जिच्यावर जीव आहे तिचं लग्न दुसऱ्याशी ठरतंय आणि हा हसऱ्या चेहऱ्यानं तयारीला हातभार लावतोय. हेच दृश्य शोकांतिकेत टाका, काळीज फाटेल. इथं मात्र दुःख गोड लागतं, कारण आशा शिल्लक आहे. कुणाची? ऋषीची नाही, त्यानं ती केव्हाच सोडली. आशा प्रेक्षकाची आहे, आणि ती पक्की आहे ती शेवट ठाऊक असल्यामुळेच. ज्या गोष्टीसाठी परीक्षक या प्रकाराला नाक मुरडतात, तीच गोष्ट करुणाचा विप्रलंभ करते. शेवट आधी कळणं हे या घराचं जोतं आहे. ते काढलं तर वरचं काहीच उभं राहणार नाही.

मराठवाड्यातल्या कुठल्याही लग्नघरात हे रोज घडतं. नव्या नवरीला दारात अडवतात. “नाव घे गं, त्याशिवाय आत सोडणार नाही.” नाव काय आहे ते पत्रिकेवर छापलंय, मांडवाच्या कमानीवर थर्माकोलनं लिहिलंय, गल्लीतल्या शेंबड्या पोराला पाठ आहे. तरी चाळीस बाया कान टवकारून उभ्या. ती खाली बघून सुरू करते: ‘विष्णुपुरीच्या धरणात पाणी आलं काठोकाठ’. धरणाचा आणि नवऱ्याचा काय संबंध? काही नाही. पण ‘काठोकाठ’ कानावर पडलं की कान यमकासाठी आसुसतो. मग ती थांबते. कुणी खाकरतं, कुणी नणंद ढुसणी देते. मग नाव येतं, त्यामागून ‘जन्माची गाठ’, आणि एकच कल्ला होतो. नाव ऐकायला कुणीच आलेलं नव्हतं. सगळे आले होते ते त्या थांबण्यासाठी. रोमँटिक कॉमेडी हा दोन तासांचा उखाणा आहे, आणि त्याचा कस लागतो तो नावात नव्हे, नावाआधीच्या थांबण्यात.

मानसशास्त्रज्ञांनीही या बाजूनं खडा टाकून पाहिलाय. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी १२ कथा निवडल्या. काही वाचकांना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा सरासरीनं जराशा जास्तच आवडल्या, रहस्यकथासुद्धा. नंतरच्या काही अभ्यासांत उलटेही निष्कर्ष निघाले, तेव्हा याला शिलालेख मानू नये. पण एवढं मान्य करायला हरकत नाही, की शेवट कळला म्हणून गोष्ट मरत नाही. ‘काय होणार’ या काळजीतून मोकळं झालेलं मन ‘कसं होणार’ याच्याकडे वळतं.

२००३ चा हा चित्रपट २०२४ मध्ये बघणाऱ्याला तर दोन शेवट ठाऊक होते. एक ऋषी-अंजूचा, दुसरा रितेश-जेनेलियाचा. ३ फेब्रुवारी २०१२ ला दोघांचं खरंच लग्न झालं. त्यामुळे पडद्यावरचा प्रत्येक अबोला आता दुप्पट गोड लागतो. २०२२ च्या अखेरीस आलेल्या ‘वेड’ या मराठी चित्रपटात पुन्हा हीच जोडी होती. दिग्दर्शक म्हणून रितेशचा तो पहिला चित्रपट आणि नायिका म्हणून जेनेलियाचा पहिला मराठी. तो ज्या ‘मजिली’ या २०१९ च्या तेलुगू चित्रपटावरून घेतला, त्यातलं जोडपंही त्या वेळी प्रत्यक्षात नवरा-बायको होतं. पडद्याबाहेरचं आयुष्य पडद्यावरच्या गोष्टीला असं टेकू देत राहतं. परीक्षकानं तो टेकू दिसतोय हे सांगावं. त्याकडे काणाडोळा करणं काही खरं नव्हे.

मग परीक्षण करायचं कशाचं? शेवटाचं नाही, तो करारच असतो. परीक्षण करायचं अडथळ्याचं. प्रश्न साधा आहे: ही दोघं आत्ताच एकत्र का येत नाहीत? या एका प्रश्नाची उत्तरं गोळा केली तर समाजाचा इतिहास हाती लागतो.

गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संशयकल्लोळ’ घ्या. आधी गद्य रूपात ते ‘फाल्गुनराव’ होतं. त्याचं संगीत रूप १९१६ मध्ये, म्हणजे देवल गेले त्याच वर्षी, रंगभूमीवर आलं. मूळ आर्थर मर्फीचं १७६१ चं इंग्रजी नाटक आणि त्याच्याही मागे मोलिएरचं १६६० चं फ्रेंच. अडथळा कोणता? एक तसबीर. रेवती रस्त्यात भोवळ येऊन पडते, फाल्गुनराव सावरायला धावतो, त्याची बायको कृत्तिका ते बघते. रेवतीच्या हातून तिच्या अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिका उचलते आणि तिच्या हातात ती फाल्गुनराव बघतो. झालं. चार भली माणसं, हातभर चित्र आणि पुढचा सगळा कल्लोळ. पॅरिस, लंडन आणि महाराष्ट्र यांत अडीचशे वर्षांचं अंतर, पण नवऱ्या-बायकोचा संशय सगळीकडे एका मापाचा.

१९३४ चा ‘इट हॅपन्ड वन नाइट’ बघा, ज्याच्यावरून आपल्याकडे ‘चोरी चोरी’ आणि ‘दिल है के मानता नहीं’ निघाले. एका खोलीत दोन खाटा, मध्ये दोरी, दोरीवर घोंगडं. नायक-नायिकेतला अडथळा अक्षरशः एक घोंगडं! अमेरिकेत पडद्यावरच्या नीतिनियमांचा फास आवळला जात होता, तेव्हाची ही गोष्ट. सेन्सॉरचा धाक त्यांनी दोरीवर वाळत घातला आणि त्यातूनच हसू काढलं.

आपल्याकडे २०१० च्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’त अडथळा आणखी पातळ होतो. ती मुंबईहून एका स्थळाला नकार द्यायला पुण्यात येते आणि दिवसभर ज्याच्याबरोबर फिरते तोच ते स्थळ निघतो. आई-बापांची निवड आणि पोरांची निवड एकाच माणसावर येऊन थांबते. यापेक्षा मराठी तोडगा कुठला सापडणार?

‘तुझे मेरी कसम’मधला अडथळा मला सगळ्यांत चमत्कारिक वाटला, कारण तो बाहेर कुठेच नाही. खलनायक नाही, खानदानांचं वैर नाही. अडथळा मैत्रीच आहे. इथं एक जुना शास्त्रीय पेच समोर येतो. एडवर्ड वेस्टरमार्क या फिनिश अभ्यासकानं १८९१ मध्ये मांडलं होतं, की तान्हेपणापासून एकत्र वाढलेल्यांना मोठेपणी एकमेकांचं आकर्षण वाटत नाही. पुढे इस्रायलच्या किबुत्झ वसाहतींत बालगृहात एकत्र वाढलेल्या मुलांची लग्नं तपासली, तर एकाच गटात वाढलेल्यांनी एकमेकांशी लग्न केल्याची उदाहरणं जवळपास सापडलीच नाहीत. शेजारची पोर बहिणीसारखीच वाटते, असं आपली माणसंही म्हणतात. मग ऋषीला प्रेम वाटलंच कसं?

याचं उत्तर मला आपल्याच नात्यागोत्यांत दिसतं. लातूर-नांदेडात मामाची पोर करणं रूढ आहे. देगलूर-बिलोली ओलांडून तेलंगणात किंवा निलंग्याहून कर्नाटकात गेलं, तर काही समाजांत मामा-भाचीचंही लग्न होतं. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या त्यांच्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थांची मांडणी करताना महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात ठेवलं, ते यासाठीच. पण गंमत अशी, की मामाची पोर आपल्या घरात वाढत नाही. ती मामाच्या गावी वाढते आणि उन्हाळ्याच्या सुटीत भेटते. ओळखीची, तरी परकी. सुटी संपते, वर्ष मध्ये जातं आणि पुढच्या उन्हाळ्यात ती अचानक मोठी झालेली असते. ‘तुझे मेरी कसम’ची गोष्ट नेमका हाच डाव खेळते. सारखी जवळ असलेली अंजू ऋषीला दिसतच नाही. तिसरा माणूस येतो, ती दूर जायला लागते आणि तेव्हा ती त्याला पहिल्यांदा दिसते. कथेनं वेस्टरमार्कला खोटं पाडलेलं नाही. तिनं मध्ये अंतर घातलं.

एवढं समजल्यावर परीक्षणाची हत्यारं हवीत, आणि तीही जुनीच आहेत. दहाव्या-अकराव्या शतकात काश्मीरच्या अभिनवगुप्तानं नाट्यशास्त्रावरच्या टीकेत रसाच्या आड येणारी सात विघ्नं मोजली. गोष्ट संभवनीयच न वाटणं हे पहिलं. स्थळ-काळाच्या तपशिलात, ‘हे माझं, ते दुसऱ्याचं’ यात अडकून पडणं हे दुसरं. तिसरं, प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात गुरफटलेला असणं. मग भाव कळण्याची साधनंच अपुरी असणं, आशय धूसर असणं, मुख्य काय आणि गौण काय ते न कळणं आणि शेवटी, कुठली खूण कुठल्या भावाची याचा संशय.

या सातांतलं तिसरं विघ्न वाचून मी थबकलो. उरलेल्यांतली बहुतेक नाटकाच्या माथी मारता येतात. हे मात्र थेट बघणाऱ्याच्या पदरात पडतं. ‘असले सिनेमे माझ्या आवडीचे नाहीत’ हे वाक्य परीक्षणात आपण ऐटीत लिहितो, जणू ती चित्रपटाची उणीव आहे. अभिनवगुप्ताच्या हिशेबात ते बघणाऱ्याच्या डोळ्यावरचं पडळ आहे. आणि त्यावर त्यानं सांगितलेला उतारा तर अजबच. आपल्या चिंतेत बुडालेल्या माणसाला बाहेर काढायला वाद्यं, गाणी, सजवलेला रंगमंडप, निपुण कलावंतिणी यांची योजना करावी, म्हणजे अरसिकाचंही मन निवळतं. ज्या गाण्यांना आमच्यासारखे लोक ‘कथेला खीळ’ म्हणून हिणवतात, ती गाणी हजार वर्षांपूर्वीच आमच्यावरचं औषध म्हणून लिहून दिली गेली आहेत!

पहिल्या विघ्नावरचा उतारा तर आपल्या कोड्यालाच येऊन भिडतो. माणसाच्या आवाक्यातल्या गोष्टीवर मन आपोआप होकार देतं. आवाक्याबाहेरचं काही दाखवायचं असेल तर सर्वांना ठाऊक असलेली, प्रख्यात कथा घ्यावी, म्हणजे विश्वास बसतो. ठाऊक असणं हे इथं भांडवल ठरतं. गावोगाव रामकथा ऐकणाऱ्या समाजाला हे शिकवायला नकोच.

तर ही हत्यारं घेऊन ‘तुझे मेरी कसम’चं परीक्षण असं होईल. चित्रपटाचं बळ त्याच्या थांबण्यात आहे. ऋषी बोलत नाही याचा राग येतो. पहिल्या अर्ध्या तासात तो बोलला असता तर घरी जाऊन जेवता आलं असतं. पण त्याचं न बोलणं खोटं वाटत नाही. आपल्याकडे शेजार म्हणजे वाटी-वाटीनं साखर, अडीअडचणीला हातउसने आणि एकमेकांच्या पोरांना हक्कानं रागावणं. एक वाक्य चुकलं तर दोन घरं बिघडतात. तो धाक ज्यानं अनुभवलाय त्याला हे मौन पटतं. फ्लॅटमध्ये शेजाऱ्याचं नावही न विचारणाऱ्याला ते ताणलेलं वाटेल. कोवळेपणा ही दोघांची कमाई आहे. पहिल्याच चित्रपटातला अवघडलेपणा भूमिकेलाही शोभून जातो आणि शृंगाराची नक्कल फसण्यातून भरताला हवं ते हास्य आपसूक निघतं. कमी पडतं ते अंजूचं. तिला काय वाटतं हे गोष्ट फार उशिरा विचारते. त्यागाचा मान मुलाकडे आणि गोंधळाचा वाटा मुलीकडे, ही त्या काळच्या कॉलेजपटांची जुनी खोड इथंही आहे. तिसऱ्या मुलाला तर केवळ बाजूला होण्यासाठी आणलेलं आहे, आणि मुख्य-गौण यांची गफलत नको म्हणून त्याच्यावर जरा अन्यायच झालाय. तरीही हा चित्रपट बघावा, आणि चारचौघांत बघावा.

परीक्षण इथं संपलं, पण अडथळ्याचा हिशेब अजून उरतो. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रे यांच्या खऱ्या धडपडीवरचा आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ हा चित्रपट. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ६६व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला पर्यावरणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला आणि २०२४ मध्ये तो थिएटरात आला. लोक त्याला जलसंधारणाचा चित्रपट म्हणतात, तो आहेही. पण त्याचा सांगाडा बघा: मुलगा आहे, मुलगी आहे, मन जुळलंय आणि मुलीकडचे अडून बसलेत, कारण या गावात पाणी नाही, पोर दिली तर आयुष्यभर डोक्यावर घागरी वाहील. पॅरिसमध्ये तसबीर, अमेरिकेत घोंगडं, आमच्याकडे पाण्याची पातळी! तो अडथळा दूर करायला नायकाला अख्खं गाव कामाला लावावं लागतं. जड विषय आणि प्रेमकथा यांच्यात मी इतकी वर्षं मानलेली भिंत नागदरवाडीच्या शिवारात कुठेच दिसत नाही.

दुसरं टोक २०१६ चा ‘सैराट’. नागराज मंजुळे यांच्या या चित्रपटाचा पूर्वार्ध काढून एखाद्या परक्या माणसाला दाखवा, तो त्याला नि:शंक रोमँटिक कॉमेडी म्हणेल. शृंगाराची नक्कल फसतेय, दोस्त हसवतायत, गाणी झडतायत. उत्तरार्धात सापेक्षाचं निरपेक्ष होतं, आशा संपते, विप्रलंभाचा करुण होतो. का? कारण अडथळा जातीचा आहे आणि आपल्या समाजाला तो हसत हसत ओलांडता येण्यासारखा वाटत नाही.

यातून एक मोजपट्टी हाती लागते. जो अडथळा दूर होईल असा लोकांना मनापासून भरवसा वाटतो, तोच रोमँटिक कॉमेडीत येतो. संशय, रुसवा, पैशाचा फरक, बापाचा हट्ट, आता तर पाणीसुद्धा. कुठल्याही काळातल्या अशा चित्रपटांची यादी करा. तो समाज काय माफ करायला तयार होता, ते कळेल. त्यात जे कधीच आलं नाही, त्यावरून त्याची खरी भीती कळेल. मराठवाड्यातल्या दोन जातींतली पोरं, सुरुवातीला रुसलेली दोन्हीकडची मोठी माणसं आणि शेवटी त्याच मोठ्यांनी नवरीला दारात अडवून घ्यायला लावलेलं नाव, अशी निखळ हसरी गोष्ट लातूर-नांदेडच्या मातीतून यायची आहे. तिचाही शेवट आम्हाला पहिल्या मिनिटाला कळावा आणि तरी तो खरा वाटावा. तसा चित्रपट आला तर त्याचं परीक्षण लिहायला मला माझ्या आवडीबाहेर जावं लागणार नाही.